परत आलेला केक

लेमविग, बुधवार

प्रिय मालेना,

फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. चुका पोटात घाल. सातवीनंतर तुझी आई जे शिकली ते मासळीच्या कारखान्यात आणि चुलीपाशी.

शेजारची आस्ता गेल्या गुरुवारी माझ्याकडे आली होती. शुक्रवारी त्यांच्या वर्गाचा गप्पांचा तास, आणि केक न्यायची पाळी तिची. तिची आई इस्पितळात कामावर, म्हणून आम्ही दोघींनी खोबऱ्याचा केक केला. तेवीस मुलं आणि बाई, असे चोवीस तुकडे पोरीनं पट्टी लावून कापले. "आजी, कडेचा बाईंना हं, त्यांना करपलेलं आवडतं." हसत होती गं.

शुक्रवारी दुपारी डबा परत आला. बाईंनी खाल्लेला एक तुकडा तेवढा कमी. आदल्या संध्याकाळी मुलांच्या मोबाईलवर फर्मान निघालं होतं, 'आस्ताचा केक जो खाईल, पुढचा नंबर त्याचा.' मग कुणाचं पोट दुखलं, कुणी म्हणे आत्ताच जेवलो. बाईंनी पालकांना कळवलं, 'तास शांततेत पार पडला.'

मी तुला लगेच फोन केला. तू मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणालीस, "आई, मोबाईल आठला पेटीत जातात, दोनला बाहेर येतात. मधे माझ्या शाळेत काही होत नाही. घरचं घरच्यांनी बघावं." अगं, आग घरी लावली असेल, पण पोर जळली तुझ्या वर्गात, बाईंच्या डोळ्यांदेखत. पेटीला कुलूप घातलंस, त्यानं पोरांच्या मनाला कुलूप लागतं का? तो केक का उरला, एवढं तरी कुणी विचारायचं होतं.

सोमवारपासून आस्ता शाळेत नाही. तिची आई तिच्या दाराबाहेर जमिनीवर निजते. काल मी सूप घेऊन गेले, तर पोर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आजी, मी नसले की वर्गात बावीस होतील. जोड्या बरोबर लागतील." मालेना, अकरा वर्षांची आहे गं ती.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. रविवारी तुझी टिल्डे तिचा टॅबलेट माझ्याकडे विसरली. तो उजळला आणि मी वाचलं. ते फर्मान आपल्या टिल्डेचं आहे. तीन दिवस मी गप्प बसले, नातीवरच्या मायेनं. त्या गप्प बसण्याची मला लाज वाटते. हे पत्र आजच तुझ्या दारात टाकते, कारण उद्या संध्याकाळी सातला पालकांची सभा आहे. तू उभी राहा आणि सगळ्यांसमोर सांग, आधी आई म्हणून, मग शाळा म्हणून. टिल्डेला पाठीशी घालू नकोस, पण टाकूही नकोस. तू बसून राहिलीस, तर तुझी म्हातारी उठेल. मला उठायला लावू नकोस, बाळ.

दोघी पोरींच्या काळजीनं पोखरलेली,
तुझीच आई