तळ्यातला भुईमूग

३ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझं टेबल काढून घेण्यात आलं आहे. आमच्या नियोजन कक्षाची क्षमता वाढवायला ज्या प्रशिक्षक बाई आल्या आहेत, त्यांच्या मते टेबलामागे माणूस लपतो. सबब सगळ्यांनी गोल बसायचं. बसतो. पण फाईल, चष्मा आणि चहाचा कप या त्रयीला एकाच मांडीवर स्थान कसं द्यावं, हे आमच्या पाठशाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, की शेतीचा वार्षिक आराखडा तुम्ही करता कसा? आम्ही प्रांजळपणे सांगितलं, मागच्या वर्षीचा घ्यायचा, दहा टक्के वाढवायचा, साहेबांची सही घ्यायची. बाई बराच वेळ पाणी पीत होत्या. मग त्यांनी आराखडा नकाशाशी ताडून पाहायला लावला, तर तुझ्याच तालुक्यातलं एक अख्खं गाव धरणाच्या पाण्याखाली निघालं! तिथे आम्ही दरवर्षी वाढत्या प्रमाणात भुईमूग पेरतो आहोत. तू तिथली कृषी अधिकारी. इतकी वर्षं ते बियाणं वाटलंस कुणाला, मासळीला?

असो. मी स्वहस्ते ते गाव खोडलं. टाळ्या पडल्या.

टेबल गेलं तरी लोभ जाऊ देऊ नकोस.

तुझा दादा

९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

टेबलाची वार्ता वाचून ह्यांना हसता हसता ठसका लागला. तू जेवायलाही फाईल उघडल्यासारखा बसतोस, हे वहिनीचं जुनं गाऱ्हाणं. आता तिला तुमच्या बाई साक्षीदार मिळाल्या.

मासळीचं ऐक. गाव बुडालं, माणसं टेकडीवर जाऊन राहिली. त्यांची नवी वस्ती आराखड्यात घ्या म्हणून मी किती वेळा लिहिलं! तुमच्याच कक्षाचं उत्तर यायचं, की मागच्या वर्षी अशी वस्ती नव्हती, सबब यंदाही नाही. मग बुडालेल्या गावाच्या नावाने येणारं बियाणं मी टेकडीवर वाटत राहिले. तुझ्या त्या दहा टक्क्यांवर त्यांची पडीक जमीनही लागवडीला आली. आता टाळ्या पुरे कर आणि त्यांचं बियाणं परत आण. पेरणीला ती माणसं रिकाम्या हाताने उभी राहतील.

बाईंना म्हणावं, टेबल देऊ नका. माया आहेच, ती बियाण्यासोबत वाढेल.

तुझी धाकटी

१४ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र गोलात बसूनच वाचलं. लपायला टेबल नव्हतं. आराखडा सहीला गेला होता, तो धावत जाऊन मागे आणला. साहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, की प्रशिक्षणाने तुमची क्षमता वाढली की चुका? मी म्हटलं, दोन्ही, दहा-दहा टक्क्यांनी. ते हसले, म्हणून वाचलो. टेकडीची वस्ती आता स्वतःच्या नावाने आराखड्यात आहे. बियाणं येईल.

लोभ असाच भांडखोर राहू दे.

तुझा दादा

ता. क. टाळ्यांच्या भरात मी इतर तालुक्यांतलीही बरीच गावं खोडली होती. तिथल्या अधिकाऱ्यांना विचारलं, खरोखर तिथे कुणी नाही ना? सगळ्यांचं एकच उत्तर आलं, आदेश मान्य. कुणीच भांडलं नाही. पेरणी जवळ आली आहे, आणि तिथे मला बहीण नाही. त्यामुळे झोप लागत नाही.