माग चालू असेपर्यंत

१२ ऑक्टोबर

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. तुझ्या मागच्या दोन्ही पत्रांना उत्तर पाठवलं नाही, याबद्दल क्षमा कर. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. वेळ होता, सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं. तुझी कंबर कशी आहे? वहिनी तुला वजन उचलू देत नसतील, अशी आशा आहे. आम्ही सगळे बरे आहोत. बरं नाही ते फक्त आमचं वॉशिंग मशीन. कपडे पिळायला लागलं की ते बाथरूमच्या दाराशी चालत येतं आणि असा खडखडाट करतं, की दाराची घंटासुद्धा ऐकू येत नाही. दुरुस्तीवाला परवा यायचा आहे.

आई आणि मावशीचा अबोला तुला माहीत आहेच. (आजीचं शिवणाचं मशीन मावशीने आईला न विचारता भंगारात दिलं, तेव्हापासूनचा.) एक खालच्या मजल्यावर, एक वरच्या, जिन्यात समोरासमोर आल्या तर दोघी कठडा तपासतात. तू पुढच्या महिन्यात मावशीला कायमची तिकडे न्यायला येणार, ‘इथे मला बोलायला कुणी नाही’ असं ती तुला फोनवर म्हणाली, हे कळलं आणि मला चैन पडेना. निदान जाण्याआधी दोघींनी एकदा बोलावं, एवढीच माझी इच्छा होती.

म्हणून बिल्डिंगची सहल निघाली तेव्हा मी दोघींची नावं दिली. जुन्या कारखान्यांची संग्रहालयं बघायची होती. एक येणार हे दुसरीला मी सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही हे खरं, पण कुणी विचारू नये अशी काळजी मीच घेतली होती. तेव्हा हा खोटेपणा धरायचा का, ते माझं अजून ठरलेलं नाही. बसमध्ये आई पहिल्या बाकावर बसली, मावशी शेवटच्या, आणि मला दोघींच्या मधोमध बसून दोन्हीकडचे कटाक्ष घ्यावे लागले.

सहलीचे पुढारी शिट्टीकाका. (तिसऱ्या मजल्यावरचे, निवृत्त खेळशिक्षक.) पाण्याच्या जुन्या पंपघरात त्यांनी सगळ्यांना गोळा करायला शिट्टी फुंकली, तर दुसऱ्याच एका सहलीतली मंडळी मुकाट्याने रांगेत येऊन उभी राहिली आणि चहा होईपर्यंत आमच्याबरोबरच हिंडली. त्यांतल्या एक आजी आमच्या बसमध्येही बसल्या होत्या. त्यांना उतरवताना आम्हांलाच वाईट वाटलं.

दुसऱ्या संग्रहालयात काचेच्या कपाटात नेमकं आजीच्यासारखंच शिवणाचं मशीन निघालं. आई माहिती सांगणाऱ्या बाईंना म्हणाली, “बघा, शहाणे लोक ही काचेत ठेवतात. काही लोक भंगारात देतात.”

मावशीही त्याच बाईंना म्हणाली, “अहो बाई, त्या काही लोकांना सांगा, ते चालत नव्हतं. चाक फिरवलं की दोरा खायचं.”

“तेल घातलं असतं तर चाललं असतं, म्हणावं.”

“तेल घालायला कोण येत होतं, ते विचारा.”

त्या बाई बिचाऱ्या एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, “पुढचं दालन दिव्यांचं आहे.”

आशा सोडूनच मी कापडगिरणीत शिरले. दोघींची उमेदीची वर्षं अशाच गिरणीत, शेजारशेजारच्या मागांवर गेलेली. तिथल्या माणसाने दाखवण्यापुरते चार माग सुरू केले. आडवा धागा नेणारे धोटे इकडून तिकडे आदळायला लागले, जमीन थरथरली, शिट्टीकाकांनी कानांत बोटं घातली. आणि दादा, आई मावशीकडे वळली आणि तिचे ओठ हलायला लागले. आवाज नाही, नुसते ओठ. मावशीने तसंच उत्तर दिलं, एक भुवई उडवली, हाताने काहीतरी भलं मोठं दाखवलं आणि आई हसली. गिरणीत सगळ्या बायका अशाच बोलायच्या, कारण ओरडूनही ऐकू जात नसे. एवढ्या वर्षांत दोघींच्या ओठांना त्याचा विसर पडलेला नव्हता.

माग थांबले. दोन्ही तोंडं फटकन मिटली. मावशी त्या माणसाला म्हणाली, “नीट दिसलं नाही हो. पुन्हा लावा.” त्याने लावले. मग आईलाही नीट दिसलं नाही. तिसऱ्यांदा बाकीची सहल बाहेर पळाली. मीही बाहेर आले. कळत नसलं तरी दुसऱ्याचं बोलणं बघत उभं राहणं बरं नव्हे.

परतताना बसमध्ये पुन्हा पहिला बाक आणि शेवटचा बाक. घरी मी आईला म्हटलं, “बोललीस ना शेवटी?”

“मी? आवाज ऐकलास माझा?”

बुधवारी आमचं मशीन पिळायला लागलं, तेव्हा मावशी दारात आली. मला वाटलं, आता आवाजाची तक्रार. ती सरळ आत गेली आणि मशीन थांबेपर्यंत दोघी बाथरूमच्या दाराशी ओठ हलवत उभ्या होत्या. थांबल्यावर मावशी न बोलता वर गेली. तेव्हापासून आई धुतलेल्या चादरी पुन्हा धुते आहे. काल तर मावशी स्वतःचे कपडे बादलीत घालून घेऊन आली.

बाकी विशेष काही नाही. वहिनींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. पुढच्या महिन्यात येऊच नकोस असं लिहिण्याचा मला अधिकार नाही. पण बोलायला कुणी नाही हे आता खरं राहिलेलं नाही, म्हणून थोडं थांब. हे सांगायलाच पत्र लिहायला बसले होते.

ता. क. २ वरचं मी मावशीला न विचारता लिहिलेलं नाही. आज मशीन चालू असताना तिला विचारलं, “इथेच राहतेस का?” तिने उत्तर दिलं, पण नुसत्या ओठांनी, मला कळलं नाही. आईला विचारलं, “काय म्हणाली?” आई म्हणाली, “मला काय माहीत? आमचं बोलणं नाही.” आणि आणखी एक चादर मशीनमध्ये टाकली.

उद्याचं काम: दुरुस्तीवाल्याला येऊ नका म्हणून कळवणे.