संस्कृतीचं ‘नाय म्हाराजा’

मिरजोळे, रत्नागिरी
२ जुलै

ती. रामजीदादास,

धाकट्या सखारामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (समोर तुम्हाला ‘तू’ म्हणतो आणि पत्रात ‘तुम्ही’, याचं कारण नातीने विचारलं. मी म्हटलं, पत्राची तशी रीत असते.) इकडे सर्व क्षेम, माझी तब्येत उत्तम. वहिनींचा गुडघा कसा आहे? लावणी कुठवर आली? खरं तर फोनच करणार होतो, पण आमच्याकडे रेंज धड नसते, म्हणून पत्र.

विषय गणपतीचा आहे. गेल्या वर्षीचं तुम्ही विसरला नसालच, तरी माझ्या बाजूने एकदा सांगतो. चतुर्थीची आरती झाली, सगळी भावकी दाटीवाटीने उभी राहिली आणि तुम्ही गाऱ्हाणं घालायला पुढे झालात. तुमच्यासारखं गाऱ्हाणं वाडीत कुणाला जमत नाही (थोडं लांबतं, पण ते ज्यांना मोदक दिसत होते त्यांनाच वाटलं). ‘सगळी लेकरं मनात कसलाबी किंतू न ठेवता तुझ्या पायाशी जमली हायत’ असं तुम्ही म्हणालात, सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले, आणि मागाहून आमची आठ वर्षांची नात संस्कृती स्वच्छ आवाजात ‘नाय म्हाराजा’ म्हणाली. तेवढ्यावर थांबती तर खपून गेलं असतं. पण तिने देवाला पुढची माहितीही पुरवली. रामजीआजोबा आणि त्यांचे चुलतभाऊ अनिलआजोबा बागेच्या हद्दीच्या गडग्यावरून तीन वर्षं दोन महिने बोलत नाहीत, गडग्याचे दगड कुणी हातभर सरकवले ते ठाऊक नाही, पण किंतू आहे म्हाराजा. शेवटचं ‘म्हाराजा’ कानावर पडताच मागच्या रांगेने सवयीने ‘व्हय म्हाराजा’ करून टाकलं. त्यात खांबाआड उभ्या असलेल्या अनिलचाही आवाज होता, असं माझी बायको म्हणते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला पडवीत बोलावून म्हणालात, ‘पुढल्या साली पोरीला आणू नको. नाव संस्कृती नि बोलायची रीत नाय. आईनं वळण लावलेलं नाय.’ मला तेव्हा काही वाईट वाटलं नाही. मोठ्या भावाचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं.

परत आल्यावर वळण लावायचं काम मीच अंगावर घेतलं. कारखान्याच्या स्टोअरमध्ये पस्तीस वर्षं क्लार्की केलेला माणूस एका पोरीला ‘छान’ म्हणायला शिकवू शकणार नाही का, असं वाटलं. पंधरा दिवस तालीम घेतली. मग शेजारच्या कमलाबाई घावणे घेऊन आल्या आणि कसे झालेत म्हणून विचारलं. संस्कृती म्हणाली, छान. आणि लगेच म्हणाली, हे आजोबांनी शिकवलेलं आहे, मी अजून खाल्लेलं नाही. कमलाबाई चार दिवस ताट न्यायला फिरकल्या नाहीत. मग तिला सांगितलं, की समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलावं. तिने पोस्टमनच्या डोळ्यांत पापणी न हलवता इतका वेळ बघितलं, की तो रजिस्टर्ड पत्र सही न घेताच देऊन गेला. तेव्हा मी तालीम बंद केली.

शेवटी शाळेतल्या बाईंच्या सांगण्यावरून सूनबाई तेजल तिला मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. सोबत मी. डॉक्टरीणबाई दोन मिनिटांत येते म्हणून गेल्या आणि अकराव्या मिनिटाला आल्या, हे तिने त्यांना सांगितलं. मग मांडवीच्या भरती-ओहोटीच्या पुढल्या पंधरा दिवसांच्या वेळा सांगितल्या (सध्या तिला तोच नाद आहे). अशा चार महिने भेटी झाल्या. मग त्यांनी सांगितलं, याला पूर्वी ॲस्पर्जर सिंड्रोम म्हणत, आता स्वमग्नतेतच धरतात. हा रोग नाही, त्यावर गोळी नाही, आणि आईच्या वळणाशी त्याचा काडीचा संबंध नाही. (दादा, हे वाक्य दोनदा वाचा. त्या वाक्यावर तेजल दवाखान्यातच रडली.) पोर हुशार आहे, बोलते भरपूर. पण आपण बोलतो एक आणि समोरच्याने समजायचं असतं भलतंच, ते तिला आपोआप कळत नाही, उलगडून सांगावं लागतं. ढोल आपल्याला वाजतो, तिला लागतो. म्हणून ती कानांवर हात धरते, तो उद्धटपणा नव्हे. ठरलेलं ऐनवेळी बदललं की तिचा जीव घाबरा होतो. मी डॉक्टरांना विचारलं, मग चारचौघांत थोडं खोटं बोलायला कधी शिकेल? त्या म्हणाल्या, तुम्हाला घाई आहे का?

चतुर्थीपर्यंतचे दिवस ती कॅलेंडरवर रोज खोडते. तिला न्यायचं नाही, हे मी अजून सांगितलेलं नाही. सांगवत नाही. एकदा तिने विचारलं, आजोबा, देवासमोर खोटं कोण बोललं? मी उठून नारळ सोलायला घेतला.

असो. कळवावंसं वाटलं म्हणून कळवलं, मागणं काही नाही. वहिनींना नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद.

तुमचा,
सखाराम

ता. क. मागणं एक आहे. तिला यंदा येऊ द्या. ढोल वाजेल तेव्हा मी तिला मागल्या अंगणात घेऊन बसेन. आणि जमलं तर गाऱ्हाणं आधी लिहून पाठवा. ती वाचेल आणि जिथे ‘व्हय’ म्हणता येत नाही तिथे खूण करेल. बदलायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

ता. क. २. हे संस्कृतीने लिहिले आहे. आजोबांनी पाकीट चिकटवायला दिले, म्हणून मी आधी वाचले. यात तीन गोष्टी चूक आहेत. आजोबांची तब्येत उत्तम नाही, साखर २४० आहे. आमच्याकडे रेंज चांगली आहे. ते तुमचा नंबर काढतात आणि फोन परत ठेवतात, कारण त्यांना तुमची भीती वाटते. आणि त्यांना वाईट वाटले होते. येताना गाडीत ते निवळीपासून हातखंब्यापर्यंत रडत होते. बाकी पत्र खरे आहे. मला नेणार नाहीत, हे मला आज कळले. दिवस खोडणे मी थांबवलेले नाही, कारण तुमचे उत्तर यायचे आहे. अनिलआजोबांना मी फोन करून विचारले. ते म्हणाले, किंतू आहे, पण दादाने गडग्यावरून एक हाक मारली तर मी जाईन. तुम्ही हाक मारा. मग मला ‘व्हय म्हाराजा’ म्हणता येईल. मी हळू म्हणेन.