एकेचाळिसाव्या चालीला न दिलेली मात

संत तुकाराम नगर, पिंपरी
रविवार, १० ऑगस्ट

१. आज क्लबाच्या स्पर्धेची शेवटची फेरी झाली.
२. एकेचाळिसाव्या चालीला मला एका चालीत मात दिसली.
३. मी ती दिली नाही.
४. त्रेसष्टाव्या चालीला डाव बरोबरीत सुटला.
५. अर्ध्या गुणाने पहिला नंबर गेला.

ती. ज्योतीराममामांस अंजलीचा नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींची शुगर दोन्ही आटोक्यात असतील, असं धरून चालते. बुद्धिबळ तुम्ही शिकवलंत, म्हणून खुलासाही तुम्हालाच.

समोर उद्धवराव होते, निवृत्त फिटर. (कंपनीच्या कामाशिवाय माझ्याशी आठवड्यात बोलणारा हा एकच माणूस. ही नोंद आहे, तक्रार नाही.) त्यांच्याकडे राजा आणि दोन अडलेली प्यादी, माझ्याकडे वजीर आणि हत्ती. मात दिली की डाव संपणार, आणि हॉलच्या दुरुस्तीमुळे क्लब आता दिवाळीनंतरच उघडणार. म्हणजे मधले अकरा रविवार. म्हणून मी त्यांच्या राजाला जरा पटभर फिरवलं.

"ओ मॅडम, त्याचा मॉर्निंग वॉक झाला. आता सोडा की घरी!" उद्धवराव म्हणाले. मी पुन्हा शह दिला. चाकणला दिवसभर मी मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजते, पण पटावर तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, हे मोजायचं राहिलं. त्यांनी पंचांना बोलावलं. बरोबरी.

"मात दिसत नव्हती का हो?"

"दिसत होती."

"मग?"

"खात्री करत होते."

ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाले, "चोवीस तारखेच्या रविवारी घरी या जेवायला. आमच्या सोजरबाई थालीपीठं लावतील, आपण पट मांडू."

मी नम्रपणे नकार दिला. एकटीचं माझं काही अडत नाही. रविवारी कपडे धुते, डबे घासते, शिफ्टचे बूट पुसते. साडेअकरापर्यंत सगळं आटपतं.

आपली,
अंजली

ता. क. नकार देताना, त्या दिवशी लातूरहून मामा यायचे आहेत, असं कारण सांगितलं होतं.

आणखी एक ता. क. त्यावर ते म्हणाले, "मग मामांनाही आणा, दोन पट मांडू." मी हो म्हणाले. तुम्ही येताय की नाही, ते गुरुवार, २१ तारखेपर्यंत कळवा.