सर्वांसाठी बाग

४ फेब्रुवारी
कॉलनीच्या बागेचं नवं डिझाइन करण्याचं काम समितीनं माझ्यावर सोपवलं. एकमतानं! दुसरं कुणी तयारच नव्हतं, असं ही म्हणाली. हिचं बोलणं मनावर घ्यायचं नाही, हे रिटायर होतानाच ठरवलंय. जन्मभर जमिनीखाली ड्रेनेजच्या लाइनी टाकल्या; आता काहीतरी जमिनीवर, लोकांना दिसेल असं.

९ फेब्रुवारी
बागेत जाऊन प्रत्येकाचं मत घेतलं. मुलांना खेळायला मोकळी जागा हवी. हिच्या मैत्रिणींना बाकं समोरासमोर हवीत, गप्पांना बरं. सासऱ्यांना (सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात) काहीच नको. झाडाखालचा कट्टा तेवढा राहू दे म्हणाले.
एकूण, लोकांना काय हवं ते लोकांना कळत नाही.

२ मार्च, सकाळी
प्लॅन तयार. मधोमध कारंजं, भोवती वॉकिंग ट्रॅक. कम्युनिटी हलती राहिली पाहिजे. झाड नेमकं कारंज्याच्या जागी उभं आहे. जाईल.
सासऱ्यांनी प्लॅन बराच वेळ पाहिला. मग, मी कुठे बसायचं, एवढंच विचारलं. बसून बसून माणूस गंजतो, असं समजावलं. पटलं असावं, उठून कट्ट्यावर जाऊन बसले.

१८ एप्रिल
झाड पाडलं, कट्टाही फोडला. उजेड झकास येतो आता.
सासरे गॅलरीतून बघत होते. जेवले नाहीत. उन्हाळ्यात भूक मंदावतेच.

१ जून
उद्घाटन. कारंजं उडालं, टाळ्या पडल्या. मोटर जळाली, पण टाळ्यांनंतर.

२० जून
ट्रॅकवर चिटपाखरू नाही. नव्याची सवय व्हायला वेळ लागतो.
मुलं रस्त्यावर खेळतात. समोरच्या डॉक्टरीणबाईंची मुलगी स्कूटरखाली येता येता वाचली. बाई दारात येऊन नाही नाही ते बोलून गेल्या. ट्रॅफिक माझ्या डिझाइनमध्ये येत नाही, हे सांगायचं राहिलं. हिनं आतून सगळं ऐकलं. बाहेर आली नाही.

५ जुलै
कारंज्यात डास.
सासरे हल्ली भिंतीकडे तोंड करून पडून असतात. कट्ट्यावरचे दोस्त एकदा घरी आले, सोफ्यावर अवघडून बसले, चहा पिऊन गेले. हिला म्हटलं, बाबांना ट्रॅकवर ने. हिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पेपर उचलला. कालचा होता.

२६ जुलै
ही बाबांना घेऊन मेहुण्याकडे गेली. हवापालट. चांगलंच आहे. कधी येणार, असं विचारलं. बाबांच्या पायात चप्पल घालत होती. ऐकू आलं नसावं.

११ ऑगस्ट
समितीची मीटिंग. बाग कुणी वापरत नाही, म्हणून तिथं पार्किंग करायचं ठरलं. मीही हात वर केला. उगाच एकटं कशाला पडायचं? ट्रॅकवर गाड्या छान वळतील, असं सेक्रेटरी म्हणाले. डिझाइनची कदर करणारं कुणीतरी आहे.

१९ ऑगस्ट, संध्याकाळी
हिला फोन केला. मेहुण्याच्या दारात पायऱ्या आहेत, बाबा तिथं बसतात, जाणारे-येणारे थांबतात, म्हणाली. मी दोन दिवस येऊ का, असं विचारलं. ती म्हणाली, इतक्यात नको. बाबा आता कुठे बोलायला लागलेत.
बरोबर आहे. मलाही इथं कामं आहेत. कोणती, ते उद्या बघू.