लमसूत शब्दाची व्युत्पत्ती

३ जून, सकाळी ७
आजपासून रोज पाच शब्द. शब्दकोशातली माझी नोकरी तीन महिन्यांची; चर्चासत्रात निबंध गाजला की कायम. माझ्या वाट्याला कापडं आणि धर्मगुरूंचे पोशाख. घरातली पहिली पदवीधर मी. एकही शब्द मरू देणार नाही.

४ जून
शब्द शून्य. तयारीचा दिवस.

९ जून
सापडला! आई बावीस वर्षं ज्या टेलरकडे काजं करते, तिथे तिचा डबा द्यायला गेले होते. एक तरुण फादर झग्याचं माप देत होते. मास्तर आत ओरडले, लमसूत काढ रे. कुठल्याच कोशात नाही! लॅटिनमध्ये लाना म्हणजे लोकर, पुढे आपलं सूत. सरळ आहे.

१० जून
आईला विचारलं. म्हणाली, तो सोड बाई. बकरम घे, अस्तर घे, हवे तेवढे सांगते. बिचारी! स्वतःच्याच शब्दांची किंमत नाही.

१८ जून
लमसूतवर चौदा पानं. संपादक मॅडमनी पुरावा मागितला. तळटीपेत दुकानाचं नाव घातलं, आईचंही. केवढा मान!

२७ जून
चर्चासत्र उत्तम. दुकानाच्या नावासकट ‘खास धर्मगुरूंसाठीची अस्सल लोकर’ इथवर वाचलं आणि पुढच्या रांगेतले म्हातारे फादर उठले. म्हणाले, पोरी, माझे पाच झगे तिथलेच. दर वेळी मास्तर लमसूतच काढायला सांगतो. मग दोन धुण्यांत विटतं कसं गं? सगळे हसले. श्रोते जिवंत होते. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत, विचारात असाव्यात.

२८ जून, दुपार
आई डबा न उघडताच परत आली. फादर विटका झगा घेऊन दुकानात गेले होते. आईने आत्ता सांगितलं, लमसूत म्हणजे गिऱ्हाईक भोळं आहे, हलका माल काढ. दुकानातली खूण. मास्तर आईला म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस, शिकलेली लेक पोसेल. मी चिडले, आधी का नाही सांगितलंस? आई म्हणाली, सोड म्हटलं होतं ना. दुकानाची गोष्ट, आणखी काय सांगायचं?
सत्य झोंबतंच लोकांना.

३० जून
मॅडमनी मुदतीआधीच मोकळं केलं. बरंच झालं. आता स्वतःचा कोश. आईही घरीच, तिच्याकडे दोनशे शब्द तरी असतील.

१ जुलै
वही घेऊन आईसमोर बसले. म्हटलं, सांग. तिने वहीतलं एक पान फाडून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, लिही, येथे काजं करून मिळतील. दाराला लावायचंय, अक्षर मोठं काढ.