खुनी कोण, हे मला केव्हाच कळलं होतं

रविवार, ४ मे
आज घरच्या खेळात हरलो. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या. खुनी कोण हे मला केव्हाच कळलं होतं, फक्त नाव चुकलं.

खेळ पोरकट आहे. बंगल्यात खून झालेला असतो. कोणी केला, कशाने आणि कुठल्या खोलीत, असे तीन पत्ते न बघता पाकिटात घालायचे. उरलेले सगळ्यांत वाटायचे. पाळी आली की विचारायचं, माळी, दोरी, गच्ची? ज्याच्याकडे त्यातलं काही असेल त्याने एक पत्ता गुपचूप दाखवायचा. जो कोणाकडेच नाही तो पाकिटात. बायको, मुलगी आणि सासरे कागदावर फुल्या मारत बसतात. मी फुल्या मारत नाही. मोठ्या स्टोअरमध्ये साध्या कपड्यांत फिरून चोर हेरण्यात माझी हयात गेली. मी चेहरे वाचतो.

सासरे जिंकले. निवृत्त भूगोल शिक्षक. निम्मा वेळ डोळे मिटून होते. मिटलेले डोळे वाचता येत नाहीत, हाच त्यांचा डाव.

मुलीला आम्ही मुंगी म्हणतो, लहानपणी सतत काहीतरी ओढून न्यायची म्हणून. तिला लांबच्या शहरात नोकरी लागली आहे. एक जूनला निघणार. चौथीत असताना तिने निबंध लिहिला होता, माझे बाबा चोर ओळखतात. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता. हल्ली विचारते, आज कोणी सापडलं का बाबा, आणि उत्तर यायच्या आत मोबाइल बघते.

संकल्प: ती जायच्या आत एकदा जिंकायचं. एकदा पुरे.

बुधवार, ७ मे
छत्र्यांच्या काउंटरवर घुटमळणाऱ्या एकाला दारात अडवलं. हातातली छत्री त्याची स्वतःची निघाली. मूठ तुटलेली. तशीच नवी मिळते का बघायला आला होता. मॅनेजर म्हणाला, तुटकी छत्री कोण चोरेल? मी म्हणालो, तोच तर डाव असतो. मॅनेजरने बराच वेळ कपाळ चोळलं. विचार करायला लावलं त्याला.

शुक्रवार, ९ मे
नवी नेमणूक. प्रवेशद्वार निरीक्षण. येणारा प्रत्येक चेहरा समोर येतो, अशी जागा आख्ख्या स्टोअरमध्ये दुसरी नाही. निमित्त म्हणून लोकांच्या पिशव्या ठेवून घेतो आणि टोकन देतो. घरी सांगितलं, स्पेशल ड्युटी. हिने विचारलं, पगार तोच ना? बायका नेमकं नको ते विचारतात.

रविवार, ११ मे
पहिल्याच फेरीत आरोप ठोकला. गायिका, विष, गॅरेज. गायिकेचं नाव घेताच हिने ओठ चावला होता. पाकिटात आचारी निघाला. ही म्हणाली, दाढ दुखतेय कालपासून. हे मला आधी सांगायला नको?

आरोप चुकला की खेळातून बाद. बाद झालेल्याने सगळ्यांना चहा करायचा, असा नियम मुंगीने आजच काढला. चहा उत्तम झाला होता. सासऱ्यांनी कप अर्धा ठेवला.

गुरुवार, १५ मे
आरशासमोर सराव. निर्विकार चेहरा. हिने दारातून विचारलं, पोट बिघडलंय का?

रविवार, १८ मे
गॉगल लावून खेळलो. माझे डोळे कोणाला वाचता येऊ नयेत, ही कल्पना. अर्ध्या तासाने समोर बसलेली मुंगी म्हणाली, बाबा, गॉगल काढा, काचांत तुमचे सगळे पत्ते दिसतायत. प्रामाणिक पोर. सासरे डोळे न उघडता म्हणाले, हात दाखवून अवलक्षण. शिक्षकी पेशाचा हाच दोष, म्हणी संपत नाहीत.

ही जिंकली. पण मुंगी हसली. खूप दिवसांनी माझ्याकडे बघून हसली. गॉगल वाया गेला नाही.

बुधवार, २१ मे
मधल्या वारी एक डाव टाकू असं सुचवलं. हिला लॅबमध्ये जादा काम. सासऱ्यांची पाठ धरलेली. मुंगीची खरेदी. तिघांची कारणं वेगवेगळी. आधी ठरवून बोललेल्यांची कारणं सारखी असतात, म्हणजे कट नाही. हे बाकी बरोबर ओळखलं.

पिशव्यांच्या खिडकीवर सराव चालू आहे. चेहरा बघून पिशवीत काय असेल ते ओळखायचं. एका जाड्या गृहस्थाबद्दल ठरवलं, खाण्याचे डबे. पिशवीतून मांजर ओरडलं. सुरुवात आहे.

शुक्रवार, २३ मे, दुपारी
मुंगी स्टोअरमध्ये आली. एकटीच. सूटकेस घ्यायला. मी आत पिशव्या रचत होतो. वळलो तर समोर ती, हातात झोळी धरून. माझ्या अंगात निळा डगला. प्रवेशद्वार निरीक्षणाला तो घालावा लागतो.

ती क्षणभर थांबली. मग झोळी पुढे केली. मी टोकन दिलं. तिने थँक्यू म्हटलं आणि आत गेली. बाहेर पडताना टोकन दिलं, मी झोळी दिली. ओळख दाखवली नाही. हुशार आहे. वेषांतरातल्या माणसाला हाक मारायची नसते, हे तिला सांगावं लागलं नाही. रक्तात असतं ते.

घरी विषय काढला नाही. तिनेही नाही. जेवताना माझ्या ताटात तिने स्वतःहून वाढलं.

रविवार, २५ मे
खेळ झाला नाही. मुंगीच्या मैत्रिणींनी तिला निरोपाचं जेवण ठेवलं होतं. मी अडवलं नाही. फक्त तीनदा विचारलं, लवकर येशील का. चौथ्यांदा जिन्यात गाठून विचारलं, पण ते सहज.

आता एकच रविवार उरला. झोप लागत नाही. पित्त असावं.

बुधवार, २८ मे
पत्ते वाटताना पाकिटात काय गेलं ते हळूच बघावं, असा विचार आला. तपासात खबरे ठेवतातच. खोका काढून सराव करत होतो तर ही आली. खाली बसली. म्हणाली, अहो, तुम्ही जिंकलात म्हणून ती थांबणार आहे का?

मी म्हणालो, थांब कोण म्हणतंय तिला. तिकडे गेल्यावर बाप म्हटल्यावर डोळ्यांपुढे कोण यावं, एवढंच आहे माझं. हिने माझ्या हातातले पत्ते घेतले, नीट लावले आणि खोक्यात ठेवले. रागावली नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

फसवाफसवी रद्द. सरळ खेळून जिंकणार.

रविवार, १ जून, संध्याकाळी
जिंकलो.

क्रमाने लिहितो. मुंगीची सूटकेस दाराशी. गाडीला वेळ होता. पत्ते वाटले. मी सगळं लक्ष चेहऱ्यांवर ठेवलं. आज सासरेसुद्धा डोळे उघडे ठेवून बसले होते. माळी म्हटल्यावर ते खिडकीबाहेर बघायला लागले. दोरी म्हटल्यावर हिने पदर सारखा केला. गच्ची म्हटल्यावर मुंगीने मान खाली घातली. इतकं स्वच्छ मला कधीच दिसलं नव्हतं. उभा राहिलो आणि म्हणालो, माळी, दोरी, गच्ची.

घाईत पाकीट उलटंच धरलं. मुंगी म्हणाली, द्या बाबा, मी बघते. तिने पाकिटात बघितलं. मग माझ्याकडे बघितलं आणि वाचलं, माळी, दोरी, गच्ची. पाकीट खोक्यात टाकून गळ्यातच पडली. सासऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणाले, जावईबापू, कमाल केलीत. हिचे डोळे भरून आले. हरणं हिला कधी जमलंच नाही.

गाडीत चढताना मुंगी म्हणाली, येते हं डिटेक्टिव्ह. आजूबाजूच्या चार लोकांनी ऐकलं.

संकल्प: उद्या मॅनेजरला भेटून जुनी ड्युटी मागायची. नजर परत आली आहे, हे त्याला कळायला हवं.

सोमवार, २ जून, सकाळी
निघण्यापूर्वी म्हटलं, विजयाचे तीन पत्ते एकदा हातात घेऊन बघावेत. पाकीट उघडलं. वकील, उशी, तळघर.

पहिला विचार, कोणीतरी पत्ते बदलले. माझे कालचे पत्ते टेबलावर तसेच पालथे पडले होते. ते उलटले. दुसराच पत्ता माळी. माळी माझ्याच हातात होता. सगळा वेळ.

म्हणजे मुंगीने वकील बघितला आणि माळी वाचला. माझ्याकडे बघून वाचला. मी तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नव्हती. मला दिसलं ते एवढंच की पोर खूश आहे. आणि हिला नि सासऱ्यांनाही ठाऊक होतं, दोरी आणि गच्ची त्यांच्यातच कोणाकडे असणार.

आतून हिने विचारलं, काय करताय? म्हणालो, काही नाही, खेळ आवरतोय. ही लगबगीने बाहेर आली. ते राहू द्या, पाकीट मी आवरते म्हणाली. तोवर मी तिन्ही पत्ते परत आत घातले होते. म्हणालो, उघडलंच नाही मी. हिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग खोका उचलून आत घेऊन गेली.

मुंगीचा फोन आला. पोचली. खोलीला खिडकी आहे, पण समोर भिंत आहे म्हणाली. मग विचारलं, कसं वाटतंय बाबा जिंकून? मी म्हणालो, फार छान वाटतंय. ती म्हणाली, आवाज असा का येतोय? मी म्हणालो, गार पाणी प्यायलो सकाळी. ती बरं म्हणाली. तिला पटलं की नाही, ते मला कळलं नाही.

मॅनेजरला भेटणार नाही. पिशव्यांच्या खिडकीवर नऊला हजर व्हायचं असतं. उशीर झाला आहे.